जाहीर इशारा : घरात गेम रूम थाटणाऱ्यांना शेवटचं सांगणं

खामगावातल्या आमच्या गल्लीत घराला घर चिकटून आहे, दोन घरांना मिळून भिंत एकच. त्या भिंतीला पाठ लावून ज्यांनी आर्केड मशीन उभ्या केल्या आहेत, त्यांनी हे वाचावं आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवावं. नाव घेत नाही; गल्लीला माहीत आहे. येत्या रविवारी रात्री दहापर्यंत आवाजाचा बंदोबस्त झाला पाहिजे. त्यानंतर बोलणं तुमच्याशी होणार नाही.

खेळायला आमची हरकत नाही. पोट्टे उन्हात हुंदडण्यापेक्षा घरात खेळतात, बरंच आहे. पण रात्री साडेअकराला पलीकडे कुणीतरी बटणं बडवतं आणि अलीकडे आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे थरथरतात, वाटीवर वाटी वाजते. त्याच भिंतीला टेकून दहावीची पोरगी अभ्यासाला बसलेली असते.

जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. कुणी खेळत नसलं तरी मशीन ओरडतच असते. नाण्यावर चालणाऱ्या गेम पार्लरसाठी या मशीन बनल्या. शेजारच्या मशीनपेक्षा मोठ्यानं ओरडून गिऱ्हाईक ओढायचं, हे त्यांचं कामच. तुमच्या खोलीत रात्री बाराला कोणतं गिऱ्हाईक यायचं आहे? बहुतेक मशीनच्या सर्व्हिस मेनूत हा डेमोचा आवाज बंद करता येतो. जुन्या मशीनमध्ये आतल्या बोर्डावर त्यासाठी छोटे स्विच असतात, आणि आवाज कमी करायची फिरकी बऱ्याचदा नाण्याच्या दाराआड सापडते. किल्ली घ्या आणि दार उघडा, एवढंच काम आहे.

धप् धप् मात्र हवेपेक्षा फरशीतून आणि भिंतीतून जास्त येते. मशीन वीतभर पुढे ओढा, खाली जाड रबर घाला. सबवूफर फरशीवरून उचला, नाहीतर त्याची वायरच काढून ठेवा. रात्री हेडफोन लावा. अंड्याचे ट्रे चिकटवायची हौस करू नका, तो नुसता पुठ्ठा आहे. जुन्या गाद्या भिंतीला लावाल (खामगावात कापसाला काय तोटा!), तर खोलीतला घुमारा उतरेल, पण धपका थांबणार नाही. दाराखालची फट तेवढी आठवणीनं बुजवा.

‘आमचं घर, आमची मर्जी’ हे उत्तर मागच्या वेळी ऐकून घेतलं. आता कायदा ऐका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. दार बंद होतं, ही सबब तिथे चालत नाही. नको असलेला आवाज कुणाच्या कानावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात जगण्याच्या हक्काशी जोडून सांगितलं आहे. आणि पैसे घेऊन बाहेरची पोरं खेळवली जात असतील, तर ते घर राहिलं नाही, पार्लर झालं. मग परवान्याचा प्रश्नही निघेल.

‘तुमचा कूलर घरघरत नाही का?’ असं विचाराल. घरघरतो. मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्यांचाच घरघरतो, आणि त्यात झोप लागते. तुमच्या मशीनमधल्या स्फोटांत लागत नाही, कारण पुढचा कधी होईल याचा नेम नसतो.

सोमवारी रात्री दहानंतर भिंतीला पहिला धपका बसला की ११२ ला फोन जाईल. मंगळवारी सकाळी ठाणेदारांकडे अर्ज. त्यावर सह्या झालेल्या आहेत. मोबाइलवरच्या ॲपचं माप आम्ही पुरावा म्हणून नाचवणार नाही, रीतसर यंत्रानं मोजणी करा अशी मागणी अर्जातच आहे. तरीही ऐकलं नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे मागू. त्या दारात एकदा गेलो की मध्यस्थीला कुणी येऊ नये.

मशीन जड असतात, ठाऊक आहे. रविवारी दिवसा ओढायला माणसं कमी पडली तर हाक मारा, आम्ही चौघं येऊ. रात्री दहानंतर मात्र हाक मारू नका.