सड्याला ओसाड म्हणू नका

जूनचा पहिला आठवडा आला की आपल्या धर्मग्रामांतून वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. हेतू शुद्ध, उत्साह दांडगा. पण रोपांसाठी जागा कोणती निवडली जाते? रत्नागिरीकडे बोट दाखवले जाते ते बहुधा सड्याकडे. जांभ्याचा हा कातळ उन्हाळ्यात भकास दिसतो, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडून असतो. आणि जेथे काही पिकत नाही तेथे काहीही करावे, असा आपला समज झाला आहे. या समजालाच आमचा विरोध आहे.

पहिल्या सरींनंतर याच कातळावर, बोटभर मातीत, दीपकाडी उमलते. पांढऱ्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती कोकणपट्टीचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डाल्झेल या स्कॉटिश अभ्यासकाने तिला शास्त्रीय नाव दिले, तेही कोकणावरूनच. मागोमाग सीतेची आसवे येतात. येथल्या मातीत नत्र अगदी अल्प, म्हणून ही इवली निळी फुले आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढतात. अशा जागी खड्डे खणून, बाहेरची माती ओतून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे, याला सृष्टिसेवा म्हणावे काय? तिच्या सावलीत व पाचोळ्याखाली उघड्या उन्हाची ही लेकरे गुदमरतात. प्रभू येशूने शलमोनाच्या वैभवाहून ज्या रानफुलांना श्रेष्ठ ठरवले, ती कोणी समारंभाने लावलेली नव्हती. प्रत्येक जीवाला मानवी उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले. त्यावर व्याख्याने ठेवायची आणि हाती कुदळ घेऊन सड्यावर जायचे, हे आम्हांला विसंगत वाटते.

चिरेखाणींवर अनेकांची चूल पेटते, कलमांच्या बागांवर मुले शिकली, हे आम्ही जाणतो. म्हणून खाण लागण्यापूर्वी निदान कंद अलगद काढून शेजारच्या कातळावर हलवावेत, एवढे तरी मागतो. अर्थात कंद हलतात. कातळाचा खोलगा आणि त्यात साचणारे पाणी हलत नाही. तेव्हा हा उपाय शेवटचाच.

पहिला उपाय पायाखालचा आहे. जुन्या पाखाड्या घाणेरी आणि रानमोडीने गिळल्या की माणसे व मोटारी मोकळ्या सड्यावरून हव्या तशा जातात. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पाहुणे वाढले, ते योग्यच. उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीच्या शिल्पाभोवती चिऱ्यांचा गडगा घातला. तसाच गडगा फुलांसाठी का नको?

रोपांसाठी जमलेली वर्गणी यंदा पाखाडीला द्यावी. निखळलेले चिरे बसवणे, झुडपे मुळासकट उपटणे हे काम मे महिन्यातच उरकावे लागेल. झाडे लावायचीच असतील तर ऐन, किंजळ चर्चच्या आवारात किंवा डोंगरउतारावर लावावीत. पाऊस पडला की कंद फुटू लागतात. मग सड्यावर जायचे ते पाखाडीनेच.