निवडणुकांचा अभ्यास हेही करिअर आहे

कळमेश्वरमध्ये बारावीनंतर घरचे दोनच रस्ते दाखवतात: डॉक्टर किंवा इंजिनीअर. मी दुसरा धरला, त्यावरच घर चालतं. तरी मला वाटतं, आपल्यातल्या काहींनी राज्यशास्त्र घ्यावं आणि निवडणुकांचा अभ्यास हेच करिअर करावं.

केनियात कोणत्या जमातीची मतं कुणाला, याचा हिशोब निवडणुकीआधीच मांडला जातो. आपल्याकडे 'मुस्लिम व्होट बँक' म्हणतात, तसंच. पण १९९९ साली सुरू झालेलं 'अफ्रोबॅरोमीटर' आफ्रिकी देशांतल्या सामान्य माणसालाच विचारतं: रोजगाराचं काय, सरकारवर भरवसा आहे का? २०१७ मध्ये केनियाच्या सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, तेव्हा निकाल पाठवणाऱ्या सर्व्हरचाही वाद होता. सर्व्हर मला कळतो. लोकांचा भरवसा का तुटतो, हे शोधायला मात्र राज्यशास्त्रच लागतं.

आपल्याकडेही ही वाट आहे. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ पासून आहे. पुण्याच्या विद्यापीठात पूर्वी शिकवणारे सुहास पळशीकर 'लोकनीती'च्या सर्वेक्षणांतून मतदार समजून घेत आले.

टीव्हीवर 'व्होट बँक' ऐकून चिडल्याने तो शब्द खोटा ठरत नाही. घरोघर जाऊन, आकडे मांडूनच तो तपासता येतो. ते करणारे आपल्यातलेही हवेत. धाकटी बहीण बी.ए. करते म्हणाली, तर "नोकरी कुठे?" म्हणून अडवू नका. नेट-जेआरएफची माहिती काढून द्या.