"पेअर" म्हणून आणलेले दोन्ही नरच निघाले



मुलांना कुत्रा हवा असतो, भाड्याच्या घरात चालत नाही, मग तडजोड म्हणून फिशटँक येतो. आमच्याकडेही तसंच झालं. दुकानातून "पेअर" म्हणून दोन क्रिबेन्सिस आणले. महिन्याभरात एकाने दुसऱ्याला हीटरच्या मागून बाहेर येऊ देणं बंद केलं. एका सकाळी शाळेत निघताना लेकीनेच तो पाहिला, पर फाटलेले, तळाशी पडलेला. दोघंही नर होते. दुकानदाराला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं, पण पैसे देताना मीही नीट बघितलं नव्हतं.

म्हणून माझं मत सांगते. छोटे सिक्लिड घ्यायचे असतील, तर आधी नर-मादी ओळखायला शिका, मुलांना शिकवा, मगच दुकानात जा. निऑन टेट्रा कोणता नर, कोणती मादी, हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही. सिक्लिड आपली हद्द आखतात आणि ती राखायला जिवावर उठतात. छोट्या टँकमध्ये हरणाऱ्याला पळायला जागाच नसते.

आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की रंगीत तो नर. मोर पाहिलाय, गप्पी पाहिलेत ना! इथे मात्र फसाल. नायजेरियाकडच्या क्रिबेन्सिसमध्ये मादी आखूड आणि गोलसर, पोट गर्द लाल-जांभळं. विणीच्या वेळी तीच पोट वाकवून नरापुढे मिरवते. नर लांब, त्याच्या पाठीवरच्या पराचं टोक अणकुचीदार, शेपटी मधोमध निमुळती. मध्य अमेरिकेतल्या कॉन्विक्टमध्येही पोटावरची नारिंगी झाक मादीची, नर नुसता करडा पट्टेरी. व्हेनेझुएला-कोलंबियातल्या रॅममध्ये गुलाबी पोट मादीचं, आणि पाठीच्या पराचे पुढचे काटे नराचे लांब. पण फार्मवर वाढवलेल्या रॅममध्ये या खुणा पुसट होतात. म्हणून एका खुणेवर जाऊ नका, तीन-चार खुणा जुळवून बघा.

दुसरी अडचण वयाची. दुकानात येतात ती बहुतेक पिल्लंच. त्या वयात भल्याभल्यांना सांगता येत नाही. अ‍ॅपिस्टोग्रामामध्ये तर दबलेला नर मादीसारखाच दिसत राहतो आणि दांडगा नर काढला की मग रंग दाखवतो. शिवाय क्रिबेन्सिसच्या पिल्लांवर सुरुवातीच्या दिवसांतल्या पाण्याचाही परिणाम होतो. पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर नर जास्त निघतात. म्हणजे एकाच विणीतली पिल्लं दुकानात आली असतील, तर त्यांत मादी अगदी कमी असू शकते. तेव्हा "एक हा द्या, एक तो द्या" हा निव्वळ जुगार आहे.

मग करायचं काय? पाच-सहा पिल्लं आणा, मोठी होऊ द्या, जोडी त्यांची त्यांना जमवू द्या. जमली की बाकीचे काढा. ते परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारा. साधारण 75 लिटरच्या टँकमध्ये एक जोडी पुरे. खात्रीची खूण अंडी घालायच्या वेळी दिसते: पोटाखाली छोटी नळी बाहेर येते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कोण करणार? बरोबर आहे. मग एकच मासा ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. कारण खरी जोडी जमली तर पुढचा प्रश्न तयारच असतो: एका विणीत कधी शंभराहून जास्त पिल्लं. ती कुणाला देणार ते आधी ठरवा. जवळच्या तळ्यात सोडायची तर मुळीच नाहीत. फ्लोरिडात बाहेरून आलेल्या सिक्लिडनी केव्हाच बस्तान बसवलंय.

आणि हो, हे मासे आपल्याला अगदीच परके नाहीत. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर हाही सिक्लिडच. त्याचा छोटा भाऊ ऑरेंज क्रोमाइड दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. त्यात नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. पिल्लं दोघांनी मिळून सांभाळायची, आणि पिल्लंही दोघांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. लेकीने विचारलं, "मग यातली आई कोण?" म्हटलं, नुसतं बघून नाही सांगता येत गं.

आता दुकानात "पेअर आहे" म्हटलं की ती वही काढून खुणा मोजते. दुकानदार वैतागतो, पण आमची काही घाई नसते.