एक्स्प्लेनर : नेम अचूक, तरी गोळी बाजूला का जाते? समजून घ्या ५० मीटर रायफल

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील भारताचे हे पहिले ऑलिम्पिक पदक. मात्र ज्या मोकळ्या रेंजवर हा खेळ घडतो, ती आजही बहुतेक मुलांच्या आवाक्याबाहेर आहे.

खेळ नेमका कसा असतो?
पात्रता फेरीत ६० गोळ्या. गुडघ्यावर बसून २०, पोटावर झोपून २० आणि उभे राहून २०. रायफल पॉइंट २२ कॅलिबरची, वजन कमाल ८ किलो. दुर्बीण चालत नाही. ५० मीटरवरील '१०' गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर.

मग अवघड काय?
वारा. १० मीटर एअर रायफल बंद हॉलमध्ये होते. इथे गोळी मोकळ्या हवेतून जाते आणि हलकी झुळूकही '१०' चा '९' करू शकते. म्हणून रेंजवर छोटे झेंडे लावलेले असतात. ते पाहून साइट किती फिरवायची, की थोडे थांबायचे, हे खेळाडू ठरवतो. ही नजर हॉलमध्ये तयार होत नाही.

मुले १० मीटरवरच का थांबतात?
ठराविक मर्यादेतील एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, पॉइंट २२ ला लागतो. शिवाय प्रत्येक सरावाला काडतुसांचा खर्च. ५० मीटर रेंजसाठी जागा आणि सुरक्षा भिंतीही हव्यात. खासगी क्लासला हॉल परवडतो, रेंज नाही.

उपाय काय?
कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले होते. म्हणजे गुणवत्तेची कमतरता नाही. पदकानंतर रोख बक्षीस जाहीर करणे सोपे असते. त्यापेक्षा प्रत्येक विभागात एक मोकळी रेंज, तिथे सरकारी मालकीच्या रायफली, सवलतीत काडतुसे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव, एवढे झाले तरी पुरेसे आहे.

पालकांनीही क्लासची फी भरण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : १० मीटरनंतर आमचे मूल सराव कुठे करणार?