तिवर बांधाबाहेर, भात बांधाआत

नागोठण्याच्या खाली अंबा नदीला भरती-ओहोटी लागते आणि पुढे ती धरमतरच्या खाडीला मिळते. या काठच्या खारपट्टीत तिवरांनी शेती खाल्ली, अशी तक्रार बैठकांतून हमखास ऐकू येते. आमचे मत निराळे आहे. शेती खाल्ली ती फुटक्या बांधाने. तिवर मागाहून आला.

बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी शेतात शिरते. खांड लगेच बुजवली तर पावसाने खार धुऊन जातो, भात पुन्हा घेता येते. बुजवली नाही तर भरतीबरोबर तिवराचे बी आत येते, गाळात रुजते आणि काही वर्षांत सातबारावर भातशेती, जागेवर जंगल अशी गत होते. मग हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली. २०१८ च्या निकालाने ती कायम झाली. जमीन सरकारी असो की खाजगी, मनाई सारखीच.

ही मनाई आम्हाला हवी आहे. काही मित्र यावर नाराज होतील, होवोत. बांधाबाहेरचा तिवर लाटेचा जोर मोडतो, मुळांत गाळ धरतो. तो तोडला की मातीच्या बाहेरकाठ्यावर उधाण थेट आपटते. पाहुण्याला आपण कौतुकाने वाढतो त्या जिताड्याची पिल्लेही याच तिवरांच्या पाण्यात वाढतात. खेकडे, कोळंबी, निवटे तिथलेच. कोळी बांधवांचे पोट त्यावर आहे.

खरा प्रश्न बांधाचा आहे. पूर्वी उन्हाळ्यात घरटी माणूस काढून, खाडीचा चिखल रचून गावे बांध राखत. सरकारी खारभूमी योजना आल्या, १९७९ चा कायदा आला, आणि गावाची सवय मोडली. आता मंजुरीचे कागद फिरत असतात तेव्हा शेतात बी रुजत असते. यात दोष आपलाही आहे.

जिल्हा बैठकीत आम्ही मागणार आहोत ते असे : खांड पडताच तारखेसह पंचनामा व्हावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती बुजवावी. ज्यांच्या शेतात जंगल उभे राहिले त्यांना जमिनीचा मोबदला मिळावा, कारण त्या जंगलाचा लाभ सगळ्यांना आहे. बाहेरच्या तिवराला कोणी कुऱ्हाड लावली तर गावानेच अडवावे. नागोठणे व पेण भागातील कार्यकर्त्यांनी आपापला बांध उघाडीसकट चालून पाहावा आणि खांडींची यादी बैठकीला आणावी.