पंधरा दिवसांची फट

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

विषय: परदेशात भरलेला कर वळता करून घेण्याची मुदत

महोदय,

१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि कामगारांच्या मुला-नातवंडांपैकी काही जण शिक्षणाच्या बळावर थेट अमेरिकेपर्यंत गेले. त्यांतील जे तेथील नागरिक झाले आणि आता आईवडिलांच्या उतारवयात, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधील घरी परतत आहेत, त्यांना बोलण्याच्या ओघात 'दुहेरी नागरिक' म्हटले जाते. कायद्यात असे कोणी नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पुढे मिळू शकते ते ओसीआय कार्ड, म्हणजे मताधिकाराविना आजीवन येण्या-राहण्याची मुभा. दुहेरी असते ते करदायित्व, कारण भारत वास्तव्य पाहून कर आकारतो, तर अमेरिका आपल्या नागरिकाचा पाठलाग तो जिथे जाईल तिथवर करते.

परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा सुसह्य जातात. मागील दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागील सात वर्षांत ७२९ पेक्षा अधिक दिवस भारतात न राहिलेली व्यक्ती 'निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेली' गणली जाते आणि भारतातून नियंत्रित होणारा व्यवसाय वगळता तिचे परदेशी उत्पन्न येथे करपात्र ठरत नाही. ही सवलत सरली की जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो. पीपीएफचे येथे करमुक्त असलेले व्याज अमेरिका करपात्र धरते, ही निराळी व्यथा. तिची दाद मंडळाकडे मागण्यात अर्थ नाही.

मंडळाच्या हातात आहे ती कालगणना. १९८९ च्या भारत-अमेरिका करारामुळे एकाच उत्पन्नावरचा दुहेरी कर टळतो, परंतु भारताचे वर्ष एप्रिलपासून आणि अमेरिकेचे जानेवारीपासून सुरू होते. जानेवारी ते मार्च २०२५ मधील अमेरिकी लाभांश भारतात २०२४-२५ चे उत्पन्न ठरतो; तेथे भरलेला कर येथील करातून वळता करण्यासाठी १९६१ च्या अधिनियमाखालील नियम १२८ नुसार नमुना ६७ हे विवरण ३१ मार्च २०२६ पर्यंत द्यावे लागते, आणि त्याच लाभांशाचे अमेरिकी विवरणपत्र भरण्याची नेहमीची मुदत मात्र १५ एप्रिल २०२६ आहे, शिवाय परदेशी राहणाऱ्यांना जूनपर्यंत आणि अर्ज केल्यास ऑक्टोबरपर्यंत सवड मिळते. ज्या उत्पन्नावर उगमापाशी कर कापलेला नाही, त्याबाबत कराची अंतिम रक्कम ठरण्याआधीच ती मंडळाला कळवा, असा हा आग्रह होतो.

विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात मंडळाने जानेवारी-डिसेंबर हेच वर्ष स्वीकारले आहे, तेव्हा ही अडचण त्याला अपरिचित म्हणता येत नाही. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमाने 'कर वर्ष' ही सुटसुटीत संज्ञा आणली, पण वर्ष एप्रिल-मार्चचेच ठेवले. ते बदलण्याची मागणी येथे नाही. परदेशी कराचे हे विवरण देण्याची मुदत ३१ मार्चऐवजी त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी, आधी अंदाजाने कळवलेली रक्कम तोवर विनादंड दुरुस्त करू द्यावी आणि जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे सोडवलेले उदाहरण मराठीतही प्रसिद्ध करावे, एवढीच विनंती आहे.