माप कुणाचे घ्यायचे?

पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस जवळ आले की माझ्याकडे कच्चे मसुदे येऊ लागतात. महाविद्यालयाच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली असली, तरी जुन्या विद्यार्थ्यांची भाचरे, शेजाऱ्यांची मुले, कुणाच्या ओळखीची आणखी कुणी मुलगी, अशी मंडळी उद्देशपत्र नावाचा तो दोन पानी निबंध घेऊन येतात आणि मीही, शुद्धलेखनाच्या मिषाने, त्यांच्या आयुष्यात नाक खुपसतो. यंदा आलेल्या तरुणाला अपंगत्व-अध्ययन या विषयात एम. ए. करायचे आहे. तो कुबड्यांच्या आधाराने चालतो. त्याने टेबलावर दोन कागद ठेवले. एक उद्देशपत्राचा मसुदा आणि दुसरा, सरकारी रुग्णालयातील बोर्डाने त्याचे अपंगत्व टक्क्यांत नमूद करून शिक्क्यानिशी दिलेला दाखला. हे दोन कागद एकमेकांशी भांडत आहेत, हे माझ्या ध्यानात यायला मात्र दोन दिवस लागले.

अपंगत्व-अध्ययन हा विषय आपल्याकडे अनेकांना फिजिओथेरपीचा किंवा विशेष शिक्षणाचा चुलतभाऊ वाटतो. परंतु त्याची जन्मकथा रुग्णालयाबाहेरची आहे. ब्रिटनमध्ये पॉल हंट, विक फिंकेलस्टाइन प्रभृती अपंग कार्यकर्त्यांच्या संघटनेने १९७६ साली आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत देहातील उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेचे निमित्त करून समाज आपल्या पायऱ्यांनी, नियमांनी आणि नजरेने माणसाची जी अडवणूक करतो ती दुसरी, असा भेद मांडला. आणि पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर या, स्वतः चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या समाजशास्त्रज्ञाने त्या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले. अमेरिकेत शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने १९९८ साली या विषयात पीएच. डी. सुरू केली, मुंबईत देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याची शाखा काढली आणि हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात त्याचे केंद्र उभे राहिले.

अपंगत्व देहात की भोवतालात, या प्रश्नावर आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम दोन जिभांनी बोलतो. एके ठिकाणी तो सांगतो की, दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून ज्याचा समाजातील बरोबरीचा सहभाग खुंटतो, ती अपंग व्यक्ती. आणि त्याच कलमात, दोन ओळी वर, ज्याचे अपंगत्व वैद्यकीय प्राधिकाऱ्याने ४० टक्क्यांहून कमी नाही असे प्रमाणित केले आहे त्याला तो ‘बेंचमार्क’ ठरवतो. उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा आणि वयोमर्यादेतील ५ वर्षांची सूट या दुसऱ्या व्याख्येला चिकटलेल्या आहेत. म्हणजे अर्जदाराने दाखल्यात आपल्या देहाची टक्केवारी सिद्ध करायची, आणि उद्देशपत्रात अपंगत्व टक्क्यांत मोजणे कसे अपुरे आहे हे विद्वत्तापूर्वक प्रतिपादायचे. (या अधिनियमाच्या नावातील ‘दिव्यांग’ शब्दाबद्दल मी त्या तरुणाचे मत विचारले. तो म्हणाला, “दिव्य कसलं म्हणाल तर बोर्डाच्या दिवशी सकाळी सातपासून रांगेत उभं राहायचं, ते.” जुन्या गोतसभांतून आरोपीकडून जे दिव्य करवून घेत, त्या अर्थाने हा शब्द यथार्थ आहे, असे मीही मग मान्य केले.)

आता माझी चूक सांगतो. त्याचा मसुदा वाचून मी म्हणालो, आरंभ कोरडा आहे. लहानपणच्या शस्त्रक्रिया, आईने कडेवर घेऊन शाळेत पोहोचवणे, असे काही वर आण, म्हणजे वाचणाऱ्याचे मन द्रवेल. त्याने मान डोलावली, मसुदा नेला, आणि दोन दिवसांनी जो परत आणला त्यात माझा एकही शब्द नव्हता. “सर,” तो म्हणाला, “मन द्रवलं की माणूस पैसे देतो, जागा देत नाही.” मी निरुत्तर झालो, कारण निवडसमित्यांवर बसून अशी शेकडो पत्रे मीही वाचली आहेत आणि ज्या पत्राने डोळे ओलावले त्याला आपण बहुधा गुण देतो, विचार तपासत नाही, हे मला ठाऊक होते. अपंग अर्जदाराकडून दुःखाचा आणि अपंग नसलेल्याकडून सेवाभावाचा हप्ता वसूल केल्याखेरीज आपले समाधान होत नाही. त्या जागी प्रश्न मागावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याच्या पत्रात असा प्रश्न होता. बसभाड्यात त्याला ७५ टक्के सवलत मिळते. ती मिळावी म्हणून त्याच्या पायांचे माप आजवर तीनदा घेतले गेले. परंतु ज्या पायरीवर चढता न आल्यामुळे त्याच्या गावच्या थांब्यावरून ती सवलतीची बस कित्येकदा त्याच्यावाचून निघून जाते, त्या पायरीचे माप कोणत्या कचेरीत नोंदलेले आहे, तिची उंची कुणी, कोणता प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून ठरवली, याचा शोध त्याला घ्यायचा आहे. एवढा सरळ संशोधन-विषय मी अलीकडे पाहिलेला नाही.

मापाचा हा प्रश्न जुनाच आहे. १९६२ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठात एड रॉबर्ट्‌स नावाच्या, पोलिओने मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या तरुणाने अर्ज केला, तेव्हा असे प्रयोग पूर्वी करून पाहिले, ते जमले नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्याला ऐकावे लागले. रात्री श्वासासाठी त्याला जे लोखंडी यंत्र लागे ते वसतिगृहाच्या खोलीत मावेना, म्हणून अखेर त्याचे बिऱ्हाड विद्यापीठाच्या रुग्णालयात थाटले गेले. राज्याच्या पुनर्वसन खात्याने तर, हा इसम कधीही नोकरी करू शकणार नाही, असा निर्वाळा देऊन त्याची मदत आरंभी नाकारली होती. १९७५ साली तोच इसम त्याच खात्याचा संचालक झाला. ही हकिकत लोक जिद्दीची कथा म्हणून सांगतात. मला त्यात यंत्र न मावणारी खोली अधिक दिसते.

आपल्याकडे कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या फेब्रुवारीत ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने संगणकीय सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही प्रवेशाच्या संकेतस्थळावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखून दाखवल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही, आणि ती चित्ररूप असल्याने अंध विद्यार्थ्याचे स्क्रीन-रीडर तिथे मुके होते. अन्य विषयांत हा गलथानपणा म्हणून सोडून देता येईल. परंतु अडथळ्यांचे शास्त्र शिकवणाऱ्या विभागाचाच अर्ज जर अडथळा असेल, तर तिथल्या प्राध्यापकांनी पहिल्या तासाला काय शिकवायचे? अर्जदाराने मागितलेली वाजवी सोय ही कारकुनी बाब समजून प्रवेशानंतरच्या फायलीत टाकण्याऐवजी विभागाने ती अर्जासोबतच वाचावी. कारण कोणती सोय, कुठे आणि का लागते हे जो नेमके लिहू शकतो, त्याने अभ्यासाला हात घातलेलाच असतो.

आमच्या तरुणाने अर्ज भरला. शेवटच्या पानावर, काही विशेष सोय हवी असल्यास लिहावी, असा एक लहानसा चौकोन होता. त्यात त्याने लिहिले: ‘मुलाखतीची खोली कितव्या मजल्यावर आहे व उद्वाहन चालू आहे किंवा नाही, ते कळवावे.’ अर्ज पोहोचल्याची पावती त्याच दिवशी आली. या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.